अक्षत आणि लाल बदाम

आमच्या ग्रुपचं नाव मी सांगणार नाही. त्या टाळेबंदीच्या उन्हाळ्यात तसल्या नावाचे ग्रुप गल्लोगल्ली निघाले होते, आणि उगाच कुणाला तरी वाटायचं की हिनं आमच्यावर लिहिलंय. सोलापुरातल्या आणि आसपासच्या पोरापोरींनी एकमेकांना मानसिक आधार द्यायला काढलेला ग्रुप, एवढं पुरे. काढला आम्ही दोघांनी. एक मी, पुण्याच्या कंपनीतून लॅपटॉप काखोटीला मारून आईच्या स्वयंपाकघरात परतलेली. दुसरा माझा कॉलेजातला मित्र. त्यानं नुकताच समुपदेशनाचा ऑनलाइन कोर्स केला होता आणि ते ज्ञान कधी एकदा कुणावर तरी सोडतो असं त्याला झालं होतं. अ‍ॅडमिन तसे आम्ही दोघंही होतो, पण सर्टिफिकेट त्याच्याकडे होतं, म्हणून त्याचं चालायचं आणि अ‍ॅडमिन म्हणायचे ते त्यालाच.

नियम त्यानंच केले. तिशीच्या वरच्या माणसाला प्रवेश नाही, कारण मोठी माणसं सकाळी गुलाबाची फुलं पाठवतात आणि दिवसभर अक्कल शिकवतात. ग्रुपवर कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. कुणी आपलं दुःख मांडलं, की वाचणाऱ्यानं खाली लाल बदाम टाकायचा. बदाम म्हणजे 'मी ऐकलं'. त्याहून जास्त काही बोलणं म्हणजे समोरच्याच्या दुःखात ढवळाढवळ, असं त्याच्या कोर्समध्ये होतं. मला ते फार पटलं. एका बोटाचं काम होतं.

रोज दुपारी चारला आम्ही व्हिडिओवर जमायचो. बाहेर ऊन असं, की गच्चीवर घातलेल्या कुरडया तासाभरात खडखडीत. अ‍ॅडमिनच्या घरामागचे माग बंद पडलेले, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा त्याच्या घरातलं बोलणं खटखटीशिवाय ऐकू यायचं, आणि बहुतेक वेळा ते बोलणं म्हणजे त्याची आई त्याच्यावर तेलुगूत ओरडत असायची. त्यातही तो डोळे मिटून शांतपणे म्हणायचा, "मी तुम्हा सर्वांना ऐकतोय." मग कुणीतरी रडवेल्या आवाजात आपली भीती सांगू लागायचं, आणि नेमकं तेव्हाच कुणाच्या तरी भागात पाणी यायचं. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं. ते आलं की माणूस मयतीतूनसुद्धा उठतो, तिथं आमचा आधार काय टिकणार? "एक मिनिट हं, पाणी आलं" म्हणून चौकटीमागून चौकट रिकामी व्हायची आणि रडणारा एकटाच भिंतीकडे बघत राहायचा. तरी रात्रीपर्यंत त्याला बदाम मात्र भरपूर मिळायचे.

आमच्या घरात आणखी एक माणूस अडकलं होतं. माझी आत्या. कुर्डुवाडीला राहणारी, साठी ओलांडलेली. एका वास्तुशांतीला म्हणून आली आणि गाड्याच बंद झाल्या. तिकडं रेल्वेतून रिटायर झालेले आमचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, एकटे खिचडी करून खात होते आणि इकडं ही आमच्या आईच्या आमटीत चुका काढत होती. आत्याची घराण्यात ख्याती एकाच गोष्टीसाठी. रुसणं. आमच्याकडं एकही लग्न असं झालं नाही, ज्यात आत्या रुसली नाही. कधी आहेराच्या साडीचे काठ बारीक, कधी पंगतीला उशिरा हाक मारली. माझ्या चुलत भावाच्या लग्नात तर ती हॉलबाहेर जीपमध्ये जाऊन बसली होती, आणि नवरदेवाला हळदीच्या अंगानं तिला आणायला जावं लागलं होतं. आम्ही पोरं तिला हसायचो. तिला काही फरक पडायचा नाही.

आमचा ग्रुप निघाल्याचं कळलं, तेव्हा तिनं विचारलं, "मला घ्या की त्यात. मलाबी करमंना झालंय." मी तिला वयाचा नियम सांगितला. "असू दे, असू दे," म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता त्या पोरीबद्दल. मोहोळच्या पुढं एका खेड्यातली. सोलापुरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, हॉस्टेल बंद झालं म्हणून घरी पाठवलेली. घरात रेंज नाही. ती भर दुपारी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून, डोक्यावर ओढणी घेऊन आमच्यात यायची. फार बोलायची नाही. कुणी रडलं की सगळ्यात आधी तिचा चेहरा उतरायचा. मला ती अक्का म्हणायची, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

एका दुपारी ती म्हणाली, "माझं लगीन ठरवायलेत."

वडिलांचं गणित सरळ होतं. सरकारनं लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी दिलेली. म्हणजे मांडव नको, वाजाप नको, गावजेवण नको. अशी संधी मुलीच्या बापाला पुन्हा कधी मिळणार? मुलगा कारखान्यावर नोकरीला. त्याच्या घरच्यांची अट एकच, शिक्षण आता बास, घरात सासूच्या हाताखाली माणूस पाहिजे. तारीख दोन आठवड्यांवर. "अक्का, दीड वर्ष राहिलं हुतं," ती म्हणाली. "मला नर्सच व्हायचं हाय. दुसरं कायबी नगं."

मग अ‍ॅडमिन म्हणाला, "तुझ्या भावना वैध आहेत."

मी त्या वेळी स्वयंपाकघरात बसून बोलत होते आणि फोन स्पीकरवर होता. पाठीमागं आत्या भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "वैध म्हंजे?" ती म्हणाली. "एरवी अवैध असत्यात व्हय?" मी तिला हातानं गप्प केलं.

आम्ही हात बांधून बसलो नाही, हे मी मुद्दाम सांगते. मुलगी सज्ञान होती, त्यामुळे बालविवाहाच्या कायद्याचा आधार नव्हता. तिला नको म्हणायला सांगावं, तर ते ती तीनदा म्हणून झालं होतं. तेव्हा आम्ही तिच्या वडिलांसाठी एक सादरीकरण केलं. मुलीच्या शिक्षणाचे फायदे. पुण्यात मी असली सादरीकरणं करूनच पगार घेते, त्यामुळे रंगसंगती उत्तम होती. पहिल्या पानावर सूर्योदय, शेवटच्या पानावर पदवीची टोपी उडवणारी मुलगी. ते वडिलांच्या फोनवर पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "छान माहिती", पुढं जोडलेले हात. संध्याकाळी कळलं की त्यांनी ते त्यांच्या डाळिंबवाल्यांच्या ग्रुपवरही पुढं पाठवलं होतं. लग्नाची तयारी चालूच होती.

आमचं घोडं तिथंच अडलं. पुढचे दोन दिवस आम्ही तिला बदाम पाठवत होतो.

तिसऱ्या दिवशी आत्या माझ्यासमोर येऊन बसली. अजून रागातच होती, पण राहवलं नसणार. "त्या पोरीच्या आईचं म्हायेर कुटलं?"

"आत्या, ते विचारून काय करणार आहेस?"

"तू इचार तर."

मी विचारलं. करमाळ्याकडचं एक गाव निघालं. आत्यानं कपाळाला हात लावला. "आगं, माझ्या सासूबाईंचं गाव की ते. आडनाव?" आडनावही सांगितलं. तिनं जेमतेम दोन श्वास घेतले असतील. "म्हंजे ती आई माझी लांबची नणंद. पोरगी माझी भाची लागती. आन तुमी मला सांगीना झालाय." इतके दिवस आमच्या आधारगटात आम्ही त्या पोरीचे आवडते रंग, भीती, स्वप्नं, सगळं विचारलं होतं. तिच्या आईचं माहेर कुणी विचारलं नव्हतं.

आत्यानं मला पोरीच्या वडिलांचा नंबर लावायला लावला. फोन स्पीकरवर.

"पाव्हणं, बातमी लई गोड कळली," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या तोंडून कळली, तरी गोडच."

पलीकडं वडील गडबडले. "वैनी, तुमाला सांगणारच हुतो. पन पन्नासचीच परवानगी हाय न्हवं का…"

"व्हय की. कायदा हाय. आमी कशाला कायद्याच्या आड येताव. पन्नासात आमी बसत नसूं, तर नसूं. आमी हितंच पंख्याखाली हुबं ऱ्हाऊन अक्षतंचं दोन दाणं टाकू."

"तसं न्हाय वैनी."

"मग अक्षत द्यायला कवा येताय?"

"आता समदं फोनवरच हाय की. पत्रिका टाकतो तुमाला."

"पत्रिका फोनवर येती, पाव्हणं," आत्या अगदी मऊ आवाजात म्हणाली. "अक्षत येती व्हय?"

एवढंच. लग्न करू नका, पोरीला शिकवा, एक शब्द नाही. कुंकवाचे तांदूळ हातावर ठेवायला माणूस दारात आला तरच बोलावणं, नाहीतर ते बोलावणं नव्हे, ही गोष्ट आमच्याकडं लहान पोरालाही कळते. तिनं फोन ठेवला, पदरानं डोळे टिपले, आणि मी काही म्हणायच्या आत दुसरा नंबर सांगितला. तो नंबर तिच्या एका जावेचा होता. मग एका मावससासूचा. मग टेंभुर्णीच्या कुणा काकींचा. प्रत्येकीला ती एवढंच सांगत होती, "मला न्हाय बोलावलं, असू दे. तुमाला तरी बोलावलंय न्हवं?"

अ‍ॅडमिनला हे सांगितलं, तर तो गंभीर झाला. "हे मॅनिप्युलेशन आहे," म्हणाला. "ग्रुपच्या मूल्यांत बसत नाही."

"काय म्हनतोय त्यो?" आत्यानं विचारलं.

"तू करायलीस ते वाईट आहे म्हणतोय."

"मग त्याला म्हनावं, चांगलं काय आसंल ते तू कर."

संध्याकाळपर्यंत वडिलांचा फोन लागेना. पोरगी टाकीवरून सांगत होती, अप्पा जेवता जेवता उठतात, अंगणात जाऊन 'तसं न्हवं, तसं न्हवं' करत फिरतात. पन्नासातले निम्मे नवऱ्याकडचे. उरलेल्यात थोरल्या चुलत्याला घेतलं तर धाकट्याला घ्यावं लागतं, धाकट्याला घेतलं तर त्याचे साडू. भटजी, फोटोवाला आणि सरपंच यांना तर माणसांत धरायचं की नाही, यावरच भावकीत दोन पक्ष पडले. आमच्या चार वाजताच्या बैठकीला त्या आठवड्यात कुणी पाण्यासाठी उठलं नाही. नवीन कोण रुसलं, हे ऐकायला पोरं आधीच येऊन बसायची. तुझ्या भावना वैध आहेत, असं अ‍ॅडमिन एकदाही म्हणाला नाही.

आणि मग सगळं उलटलं. वडील वैतागले. कुणाचीच कटकट नको म्हणून त्यांनी ठरवलं, दोन्ही घरची माणसं घ्यायची आणि परवा सकाळी देवळात उरकून टाकायचं. पोरीचा एकच ओळीचा मेसेज ग्रुपवर आला. 'परवा देवळात उरकायलेत.' खाली भराभर बदाम पडले. मी पहिल्यांदा त्या बदामांकडं बघून चिडले. कुणावर ते मला कळलं नाही, म्हणून मी आत्यावर चिडले. म्हटलं, "बघ, तुझ्या रुसण्यानं काय झालं. लग्न लांबायचं सोडून दोन दिवसांवर आलं."

आत्याचा चेहरा पार पडला आणि मला लगेच वाईट वाटलं. शेंगा भाजत होती, त्या करपल्या. कढई उतरवून म्हणाली, "त्या पोरीचा मामा कुटं आसतो?"

मामा सोलापुरातच होता. आमच्यापासून दहा मिनिटांवर, पण त्याची गल्ली पेशंट सापडल्यामुळं सील होती. दोन्ही तोंडांना बांबू बांधलेले, पोलीस बसलेला. आत्या त्याची भावजय लागत होती. फोन लावला.

"भावजी, परवा भाचीला बोहल्यावर कोन नेणार हाय?"

"परवा? परवा कुटं? मला तर दाजी म्हनले, समदं उघडल्यावर बघू."

"मग मीच चुकीचं ऐकलं आसंल," आत्या म्हणाली. "मला वाटलं, तुमी आडकलाय म्हनून पोरीचा चुलता नेतोय. ठेवू का मग?"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. आमच्याकडं मुलीला बोहल्यावर मामानंच न्यायचं असतं. भटजी हाक मारतात, मामा तिला हाताला धरून आणतो, तेव्हा अंतरपाट धरला जातो. त्याच्या जागी चुलत्यानं जाणं म्हणजे मामा मेला असं गावात सांगणं. चुलत्याचं आत्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिनं तिथल्या तिथं रचलं होतं.

त्यानंतर काय झालं, ते पोरीनं दुसऱ्या दिवशी टाकीवर बसून सांगितलं. मामाचा फोन आला, तो वडिलांना नाही, बहिणीला. एवढे दिवस पोरीची आई काहीच बोलली नव्हती. पोरीला शिकू द्या, एवढं एक वाक्य त्या घरात तिच्या तोंडून निघालं नव्हतं, निघालं असतं तरी ऐकलं कुणी नसतं. ती बाहेर आली, सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या भावाशिवाय माझ्या लेकीवर अक्षता पडनार न्हाईत. त्याची गल्ली उघडू द्या, मग काय करायचं ते करा." पोरीच्या शिक्षणासाठी तिला त्या घरात आवाज नव्हता. भावाच्या मानासाठी होता, आणि त्यावर तिच्या सासऱ्याचीसुद्धा मान हलली. मी ऐकता ऐकता रडले. चौकटीत इतरही रडत होते, पण त्या दिवशी बदाम टाकायचं कुणाला सुचलं नाही.

मामाची गल्ली लवकर उघडली नाही. उघडायची वेळ आली की तिथं आणखी एक पेशंट निघायचा, आणि आम्ही, जगाच्या आरोग्यासाठी रोज चारला डोळे मिटणारी पोरं, मनातून बरं झालं म्हणायचो. नवऱ्याकडच्यांना थांबायला वेळ नव्हता. त्यांनी पुढच्याच आठवड्यात दुसरी पोरगी शोधून तोंडाला मास्क बांधून लग्न उरकलं. पुढं नर्सिंगच्या पोरींना कॉलेजनं परत बोलावलं. दवाखान्यात माणसं कमी पडत होती. वडील तिला स्वतः मोटारसायकलवरून हॉस्टेलला सोडून गेले, आणि गावात सांगत सुटले, की पोरगी देशसेवेला गेली.

अ‍ॅडमिननं या सगळ्यावर एक पोस्ट लिहिली. 'आमच्या ग्रुपने एका मुलीचं आयुष्य घडवलं.' वर एकमेकांत गुंफलेल्या हातांचं चित्र. एका ऑनलाइन चर्चेत तो त्यावर बोललासुद्धा. त्यात सहानुभूतीनं ऐकणं होतं, सुरक्षित अवकाश होता, माझं सादरीकरणही होतं. आत्या नव्हती. मी म्हटलं, निदान आता तिला ग्रुपमध्ये घेऊ. तो म्हणाला, नियम सर्वांना सारखा, फार तर मानद सदस्य म्हणून उल्लेख करू. आत्याला मी हे सांगितलं. "मानद म्हंजे बिनपंगतीचं न्हवं?" म्हणाली, आणि गाड्या सुरू झाल्याबरोबर कुर्डुवाडीला निघून गेली.

मग जग उघडलं. मी पुण्याला परतले. अ‍ॅडमिन एका मोठ्या कंपनीत लोकांच्या मनःस्वास्थ्याचा अधिकारी झाला, म्हणजे लोकांना कामावरून काढताना त्यांच्याशी हळू आवाजात बोलतो. ग्रुप बंद कुणीच केला नाही. कुणी वाढदिवसाचा केक टाकतं, कुणी तुळजापूर रोडला प्लॉट विकायला काढतं. आपल्यातले निम्मे तिशीच्या वर गेले, हे आता कुणी बोलत नाही. सकाळी गुलाबाची फुलं येतात. सवयीनं खाली बदाम पडतात.

परवा सकाळी आत्याच्या स्टेटसवर फोटो बघितला. विवाह नोंदणीचं कार्यालय. मधे ती पोरगी, साधी साडी, हातात हार, शेजारी चष्मेवाला मुलगा. एका बाजूला मामा, तिचा हात धरलेला. खुर्चीतून उठवून टेबलापर्यंत त्यानंच तिला नेलं म्हणे, साहेबांनी नको म्हणून सांगितलं तरी. दुसऱ्या बाजूला आमची आत्या, रुंद काठाच्या साडीत, न रुसलेली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "व्हय, सहीला गेलते की. मी, तिचा मामा आन तिच्या वॉर्डातली एक पोरगी." म्हटलं, तुला कुणी सांगितलं? "सांगतंय कोन? सुट्टीच्या दिवशी कुर्डुवाडीला आली, हातावर अक्षत ठिवली, म्हनली, मामी, यायचंच." मग मला कळलं की टाळेबंदीपासून आजवर आत्या तिला दर आठवड्याला फोन करायची. परीक्षा, नाईट ड्यूटी, पहिला पेशंट गेला तेव्हाचं रडणं, सगळं तिला ठाऊक होतं. "रागानं फोन केलास व्हय?" आत्या म्हणाली. "बरं केलंस. रुसायचं तर फोन करून रुसावं. मनातल्या मनात रुसल्यालं कुनाला कळतंय?"

मी पोरीला फोन लावला. ड्यूटीवर होती, तरी उचलला. मी आत्याच्या वरताण रुसले. म्हटलं, मला अक्का म्हणायचीस, एवढं सगळं आपण केलं, आणि मला एका शब्दानं कळवावंसं वाटलं नाही?

वॉर्डात कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारत होतं.

"अक्का, ग्रुपवर टाकलं हुतं की," ती म्हणाली.

मी ग्रुप उघडून वर सरकत गेले. प्लॉट, केक, फुलं. मग सापडलं. 'माझं लग्न ठरलंय. या वेळी मी ठरवलंय. रजिस्टर करणार आहे. सहीला तीन माणसं लागतात. घरून मामा येतोय. बाकी आपल्यातलं कुणी येऊ शकेल का?'

खाली ओळीनं लाल बदाम होते. त्यातला एक माझा होता.